गुप्त, गोपनीय आणि बडोद्याचं खानगी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. तुम्ही बडोद्यातल्या एका मराठी ट्रस्टच्या ऑफिसात आहात, ट्रस्टचं वसतिगृह आहे, वाचनालय आहे, आणि तुमच्याकडे तीन कागद मराठीत करायला आलेत. पहिला कार्यकारिणीच्या निवडणुकीची नोटीस. दुसरा महिला कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा बोर्ड. तिसरा कर्मचाऱ्यांच्या वार्षिक रिपोर्टचा फॉर्म, ज्याच्या डोक्यावर गुजरातीत ‘खानगी अहेवाल’ असं छापलंय. तुम्ही तिन्हीकडे ‘गुप्त’ लिहिलंत, एका ट्रस्टींनी तिन्हीकडे ते खोडून ‘गोपनीय’ केलं, आणि अकाउंटवाले भाई म्हणाले की एवढी माथाकूट कशाला, खानगीच ठेवा, बडोद्यात सगळ्यांना कळतं. आता तुम्ही विचारताय की खरंच काही फरक आहे का, की ज्याची त्याची आवड.

फरक आहे. आवडीचा भागही थोडा आहे, त्यावर पुढे येते. पण तुमच्या कागदांपुरतं सांगायचं तर निवडणुकीच्या नोटिशीत तुमचा ‘गुप्त’ बरोबर, बाकी दोन्हीकडे ट्रस्टींचा ‘गोपनीय’ बरोबर, आणि मराठी कागदावर ‘खानगी’ कुठेच नको. मी गुजराती, मराठी आणि इंग्रजी कागदांची भाषांतरं करते, मुद्रितं तपासते, दांडिया बाजारात बसून हेच काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि ह्या दोन शब्दांची अदलाबदल माझ्यासमोर इतक्या वेळा येते की तुमच्या निमित्ताने एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

अडचण अशी होते की आपण दोन्ही शब्दांच्या मागे मनात एकच ‘सीक्रेट’ धरतो आणि मग जो आधी सुचेल तो लिहितो. पण नोटीस वाचणाऱ्याला शब्दाशी काही घेणंदेणं नसतं, त्याला एवढंच हवं असतं की हे नक्की कुणाला कळणार आणि कुणाला नाही. तक्रार करायला आलेली बाई बोर्डासमोर उभी राहून तेच वाचत असते. आणि इथे दोन्ही शब्द वेगवेगळं सांगतात. गुप्त म्हणजे ते झाकलेलं आहे, दिसत नाही, कुणाला पत्ता नाही. गोपनीय म्हणजे ते काही ठरावीक लोकांना माहीत आहे किंवा होणार आहे, आणि त्यांनी ते बाहेर सांगायचं नाही. गुप्तला राखणारा माणूस असायलाच हवा असं नाही. गोपनीयला तो असतोच, नसेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

हे मी मनाने ठरवलेलं नाही, शब्दांच्या घडणीतच आहे. दोन्ही संस्कृत ‘गुप्’ ह्या एकाच धातूचे, आणि त्या धातूत लपवण्याइतकंच, किंबहुना त्याच्याही आधी, राखणं आणि सांभाळणं आहे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला. आपण बालसंगोपन म्हणतो, पशुसंगोपन म्हणतो, तिथे लपवाछपवीचा संबंध कुठाय, सगळा सांभाळच आहे. (किळस ह्या अर्थाची जुगुप्सा सुद्धा ह्याच धातूची, ऐकून पटत नाही पण व्याकरण तसंच सांगतं.) आता ‘गुप्त’मधला शेवटचा ‘त’ काम झालेलं आहे असं सांगतो, जसं उक्त, त्यक्त, मुक्त. आणि ‘गोपनीय’मधला ‘अनीय’ सांगतो की हे करण्याजोगं आहे, करायला हवं, जसं वंदनीय, पूजनीय, वाचनीय. तुमच्याच वाचनालयात कितीतरी वाचनीय पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी न वाचता कपाटात असतील, तरी ती वाचनीयच. तसंच गोपनीय कागद प्रत्यक्षात झाकलेला राहिलाच असेल असं नाही, तो झाकलेला राहायला हवा एवढंच तो शब्द म्हणतो.

म्हणून एक परीक्षा मी नेहमी करते. कागद फुटला असं समजायचं आणि वाक्य म्हणून बघायचं. ‘गोपनीय अहवाल व्हॉट्सॲपवर फिरतोय’ हे कानाला बरोबर लागतं, उलट त्या शब्दामुळेच कळतं की कुणीतरी करू नये ते केलंय. ‘गुप्त अहवाल व्हॉट्सॲपवर फिरतोय’ म्हटलं की लगेच खटकतं, फिरतोय तर गुप्त कसला? फुटल्यावर गुप्त गोष्ट गुप्त राहत नाही, संपली. गोपनीय गोष्ट फुटल्यावरही गोपनीयच असते, आणि म्हणून तर फोडणाऱ्याला जाब विचारता येतो. ‘गोपनीयतेचा भंग’ हा शब्दप्रयोग त्यामुळेच इतका रुळलाय.

दुसरी परीक्षा उलट शब्दाची. गुप्तच्या उलट उघड किंवा खुलं. गोपनीयच्या उलट जाहीर. खासगीच्या उलट सार्वजनिक. तुमच्या वाक्यात उलट शब्द घालून बघा, कुठला बसतो ते बघितलं की मूळ शब्द कुठला हवा ते आपोआप कळतं.

आता पहिला कागद, मतदान. ह्याच्या उलट काय? खुलं मतदान, हात वर करून. म्हणजे हवं ते ‘गुप्त मतदान’. आणि हे नुसतं कानाला बरं वाटतं म्हणून नाही. गुप्त मतदानात तुम्ही कुणाला मत दिलंत हे निवडणूक अधिकाऱ्यालाही कळत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. तिथे राखणदार कुणी नाहीच, कारण माहिती कुणाच्या हातात जातच नाही. राष्ट्रपतीची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी असं घटनेच्या कलम ५५ मध्ये आहे. त्याच्यासमोर राज्यसभेची निवडणूक ठेवा, तिथे २००३ पासून खुलं मतदान आहे, पक्षाचा आमदार मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या अधिकृत एजंटला दाखवतो, आणि सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ती पद्धत वैध ठरवली. एका टोकाला गुप्त, दुसऱ्या टोकाला खुलं, गोपनीय ह्या रेषेवर येतच नाही.

तरी ‘मतदानाची गोपनीयता राखावी’ असं वाक्य तुम्ही वाचलं असेल आणि तेही चुकीचं नाही. ते कुणाला उद्देशून आहे ते बघा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९४ म्हणतं की कुणाला मत दिलंस हे सांगायला मतदाराला भाग पाडता येणार नाही, आणि कलम १२८ मतदान आणि मोजणीच्या कामावरचे अधिकारी, कारकून, एजंट ह्यांना बंधन घालतं की त्यांनी मतदानाची गुप्तता राखायची आणि राखायला मदत करायची. म्हणजे मतदान गुप्त, आणि कामावरच्या माणसांचं कर्तव्य ते गोपनीयतेचं. नाम वापरताना मराठीत गुप्तता आणि गोपनीयता बऱ्यापैकी एकमेकांत मिसळतात हे मान्य करायला हवं, विशेषण म्हणून वापरताना मात्र मिसळू देऊ नका.

इथे एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हालाच तपासावी लागेल. तुमच्याकडे मतपत्रिका कशी असते? छोट्या संस्थांत बरेचदा चिठ्ठीच्या मागे सभासद क्रमांक लिहिलेला असतो, दुबार मत पडू नये म्हणून. किंवा बाहेरगावच्या सभासदांसाठी गूगल फॉर्म पाठवतात आणि त्यात ईमेल गोळा करायचं ऑप्शन चालू असतं. अशा वेळी कुणी कुणाला मत दिलं हे ऑफिसातल्या एकाला तरी कळू शकतं, मग ते मतदान गुप्त नाहीच, तो माणूस तोंड बंद ठेवेल तोपर्यंत फार तर गोपनीय आहे, आणि नोटिशीत ‘गुप्त मतदान’ लिहिणं म्हणजे सभासदांना खोटं सांगणं. शब्द बदलण्यापेक्षा पद्धत बदला: सभासद क्रमांकावर वेगळ्या यादीत सही घ्या, चिठ्ठी कोरी ठेवा, फॉर्ममधलं ते ऑप्शन बंद करा. मग ‘गुप्त’ बिनधास्त लिहा.

दुसरा कागद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकीच्या शब्दाने एखाद्या बाईचं नुकसान होऊ शकतं. तुम्ही लिहिलंय ‘तक्रारदार महिलेचे नाव गुप्त ठेवले जाईल’. वाचणारी काय समजेल? की आपलं नाव कुणालाच कळणार नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तर नाहीच नाही. पण कायदा तसं म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा जो २०१३ चा कायदा आहे, त्याच्या नियमांप्रमाणे तक्रार आली की तिची एक प्रत सात कामकाजी दिवसांत समोरच्या माणसाला पाठवावी लागते, नाहीतर त्याने उत्तर कशाचं द्यायचं? म्हणजे त्याला नाव कळणार. समितीच्या सदस्यांना कळणार. साक्षीदारांनाही बहुतेक कळणार. आणि तरीसुद्धा ते बाहेर जाता कामा नये, कारण त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की तक्रारीतला मजकूर, तक्रारदार बाईची, समोरच्याची आणि साक्षीदारांची ओळख आणि पत्ते, चौकशीचं कामकाज, ह्यातलं काहीही लोकांना, वृत्तपत्रांना किंवा मीडियाला कळवायचं नाही. ज्याच्यावर हे काम सोपवलंय त्यानेच फोडलं तर कलम १७ खाली दंड, आणि नियमांत तो ५,००० रुपये ठरवलाय. ठरावीक माणसांना माहीत, त्या माणसांवर बंधन, बंधन मोडलं तर दंड. गोपनीय ह्या शब्दाचा ह्याहून स्वच्छ नमुना मला सापडणार नाही.

‘गुप्त’ लिहिलंत तर काय होईल सांगू? ती बाई विश्वासाने येईल आणि आठवड्यात समोरच्या माणसाच्या हातात आपल्या नावाची तक्रार बघेल. फसवलं गेल्याची भावना येणारच, आणि त्यानंतर त्या ऑफिसातली दुसरी कुणी समितीकडे फिरकणार नाही. म्हणून इथे ट्रस्टींनी केलेली दुरुस्ती शंभर टक्के बरोबर आहे, मी तर एक वाक्य आणखी जोडायला सांगेन, ते शेवटी देते.

ह्याच्या जवळचा तिसरा एक शब्द आहे तो विसरू नका, निनावी. निनावी तक्रार म्हणजे घेणाऱ्यालाही नाव माहीत नाही. लोक पत्राखाली ‘माझे नाव गोपनीय ठेवा’ असं लिहितात आणि नावच लिहीत नाहीत, मग ठेवायचं काय? नाव सांगून झाल्यावरच ते गोपनीय ठेवता येतं. देणग्यांच्या यादीत हाच घोळ होतो. दानपेटीत कुणी नोटांचं पाकीट टाकून गेलं, कुणी टाकलं ते ऑफिसलाही माहीत नाही, हे गुप्तदान. पण एखाद्या गृहस्थाने चेक दिला, रीतसर पावती घेतली, पॅन नंबर दिला आणि सांगितलं की बोर्डावर माझं नाव लावू नका, तर त्यांचं नाव गोपनीय. यादीत त्यांच्यासमोर ‘एक हितचिंतक’ असं छापा. त्याला गुप्तदान म्हणू नका, कारण हिशोब तपासणीसाच्या दृष्टीने ह्या दोन देणग्या अगदी वेगळ्या आहेत, आयकरात निनावी देणग्यांसाठी वेगळे नियम आहेत आणि धर्मादाय ट्रस्टला त्यांचा फटका बसू शकतो. यादी मराठीत लिहिताना शब्द चुकला की ऑडिटच्या वेळी उगाच प्रश्न निघतात.

गोपनीय ह्या शब्दाचा सगळ्यांच्या ओळखीचा वापर म्हणजे मंत्र्यांची ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’. तिचा नमुना घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याचा आशय असा, की मंत्री म्हणून माझ्यासमोर येणारी किंवा मला कळणारी बाब मी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कुणालाही सांगणार नाही, कामासाठी लागेल तेवढं सोडून. तो शेवटचा तुकडा बघा, कामासाठी लागेल तेवढं सोडून. कामासाठी सांगायची मुभा आहे म्हणून ते गोपनीय. नुसत्या खासदाराच्या शपथेत गोपनीयता नसते, न्यायाधीशांच्या शपथेतही नसते, मंत्री झाला की ही आणखी एक शपथ घ्यावी लागते, कारण आता त्याच्या हातात राखायचं काहीतरी आलं.

आता तिसरा कागद आणि अकाउंटवाल्या भाईंचं खानगी. त्यांच्या भाषेत ते अगदी बरोबर आहेत. गुजरातीत खानगी कंपनी म्हणजे प्रायव्हेट कंपनी, खानगी वात म्हणजे कुणाला न सांगायची गोष्ट, आणि खानगी अहेवाल म्हणजे कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट. एकच शब्द दोन्ही कामं करतो. मराठीत खासगी एवढा लांब गेला नाही. ‘खासगीत सांगतो’ म्हटलं की थोडंसं तिकडे झुकतं, पण ‘खासगी अहवाल’ वाचून नागपूरचा किंवा पुण्याचा माणूस समजेल की बाहेरच्या कुठल्यातरी खासगी एजन्सीने केलेला अहवाल. माझ्याकडे तपासायला आलेल्या भाषांतरांत हे मी बघितलंय, गुजराती फाईलवरून सरळ खासगी उचललेलं, आणि पुढे सगळा अर्थच बदललेला.

आपण बडोद्याची माणसं खानगी सहज बोलून जातो ह्याला इतिहासही आहे. शब्द फारसी, खाना म्हणजे घर, घरचं ते खानगी. गायकवाडांच्या दरबारात राजवाड्याचा घरगुती कारभार बघणारं ते खानगी खातं, त्याचा मुख्य तो खानगी कारभारी. तिकडे इंदूरला होळकरांची ‘खासगी’ म्हणजे राण्यांच्या नावाची वेगळी मिळकत, दौलतीच्या खजिन्याहून निराळी, आणि हा शब्द ‘खास’वरून आलेला. दोन्हीकडे अर्थ मालकीचा आहे, कुणाचं आहे हा, लपवण्याचा त्यात काही भाग नाही. आणि बडोद्याने अशा शब्दांकडे एकेकाळी किती गंभीरपणे बघितलं होतं ते मुद्दाम सांगावंसं वाटतं: सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापला गेला, कारभारात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेला कोश. गुजराती आणि मराठी एकाच ऑफिसात नांदतात तेव्हा शब्द शेजारी ठेवून तपासावे लागतात हे त्या लोकांना माहीत होतं. तुम्ही आज तेच करताय, म्हणून तुमचा प्रश्न मला एवढा आवडला.

तर रिपोर्टवर ‘गोपनीय अहवाल’. हा सरकारी नोकरांच्या तोंडातला शब्द आहे, आपल्या काकालोकांपैकी कुणी सरकारी नोकरीत असेल तर ‘सी.आर. (म्हणजे कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट) खराब केला’ हे ऐकलं असेलच, तोच हा. ह्यात पूर्वी एक विचित्र गोष्ट होती, की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच तो दाखवत नसत, शेरा वाईट असला तरच कळवत. २००८ मध्ये देवदत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, आणि २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तेच कायम केलं. मधल्या काळात २००९ साली केंद्राने नावातलं ‘कॉन्फिडेन्शियल’ काढून ‘परफॉर्मन्स अप्रेझल’ केलं, महाराष्ट्रात आता ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ म्हणतात. तुमचा ट्रस्ट सरकारी नाही त्यामुळे हे निकाल तुम्हाला थेट बांधतात असं मी म्हणणार नाही, पण शब्दाची दिशा त्यातून दिसते. तुम्ही कर्मचाऱ्याला रिपोर्ट दाखवत असाल आणि इतरांना नाही, तर ‘गोपनीय’ योग्य. त्याच्या डोक्यावर ‘गुप्त अहवाल’ छापलंत तर वाटेल की त्याच्यामागे गुप्तहेर लावला होता.

हा आवडीचा भाग म्हणत होते तो. गुप्तला मराठीत एक वास आहे. गुप्तहेर, गुप्तधन, गुप्त बैठक, आणि स्टेशनच्या भिंतींवरच्या जाहिरातींतले गुप्त रोग. पेपरात ‘नेत्यांची गुप्त बैठक’ छापलं की काहीतरी शिजतंय असा संशय येतो, ‘गोपनीय बैठक’ म्हटलं की नियमाप्रमाणे बंद दाराआड झाली असं वाटतं. म्हणून असल्या रोगांच्या तपासणी केंद्राच्या बोर्डावर ‘आपली माहिती गोपनीय राहील’ हेच हवं, तिथे गुप्त लिहिलं तर माणूस आणखी संकोचतो. उलट क्रियाविशेषण हवं असेल तर गुप्तला पर्याय नाही, ‘ते गुप्तपणे भेटले’ म्हणता येतं, ‘गोपनीयपणे’ कुणी बोलत नाही. गुप्तता पाळतात, गोपनीयता राखतात किंवा जपतात. आणि गुपित फोडण्याला बातमीच्या भाषेत गौप्यस्फोट, त्यात ‘गौ’ आहे, ‘गोप्यस्फोट’ लिहू नका, हे छापील कागदांवरही चुकलेलं दिसतं.

गुपित हा मात्र घरातला शब्द, अळीमिळी गुपचिळीवाला. आपल्या सेव-उसळवाल्यांच्या तरीत काय पडतं ते त्यांचं गुपित. काहीतरी आहे हे सगळ्या गावाला माहीत, काय आहे ते माहीत नाही. त्याला ‘गोपनीय मसाला’ म्हटलं तर हसू येईल. आणि गंमत अशी की कायद्यात हाच घरगुती शब्द बसलाय, १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट मराठीत ‘शासकीय गुपिते अधिनियम’, हिंदीत त्याचंच ‘शासकीय गुप्त बात अधिनियम’.

एका ठिकाणी मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवावं लागतं, ते म्हणजे सरकारी आणि लष्करी कागदांची प्रतवारी. तिथे ‘गुप्त’ हा सीक्रेटला आणि ‘गोपनीय’ हा कॉन्फिडेन्शियलला ठरवून दिलेला पर्याय आहे, आणि गुप्त ही पायरी गोपनीयच्या वर. तिथे अर्थ शोधत बसायचं नाही, इंग्रजीत जो शिक्का आहे त्याचा ठरलेला शब्द लिहायचा. तरी तिथली एक रीत मला फार बोलकी वाटते. वरच्या दर्जाचा कागद दोन पाकिटांत घालतात, आतल्या पाकिटावर शिक्का आणि सील, बाहेरच्यावर नुसता पत्ता, म्हणजे आत असलं काही आहे हेच टपाल हाताळणाऱ्याला कळू नये. आपण मात्र साध्या पाकिटावर मोठ्या लाल अक्षरांत ‘गोपनीय’ लिहितो, कारण आपल्याला शिपायाला आणि कारकुनाला सांगायचं असतं की हे उघडू नका. पहिल्यात पाकीटच गुप्त, दुसऱ्यात मजकूर गोपनीय.

वेबसाइटवरच्या ‘गोपनीयता धोरण’बद्दलही तुम्ही जाता जाता विचारलंय. तो शब्द आता इतका रुजलाय की बदला म्हणून सांगण्यात अर्थ नाही, आणि कंपनीच्या बाजूने बघितलं तर चुकीचाही नाही, तुमची माहिती तिच्याकडे आहे आणि ती राखणं तिचं काम. पण सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला जो मूलभूत हक्क मान्य केला, त्याला ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणतात तेव्हा मला ते अपुरं वाटतं. मी काय खाते, कुणाशी लग्न करते, माझ्या शरीराचं काय करायचं, ह्यात लपवायचं काही नसतं, सगळ्या गावाला माहीत असू शकतं, तरी त्यात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. तो खासगीपणाचा अधिकार. हिंदीत ‘निजता’ म्हणतात ते जास्त नेमकं आहे. भाषांतरात मी खासगीपणाच लिहिते, गिऱ्हाईकाने आग्रह धरला तरी एकदा समजावून बघते.

तर तुमच्या तीन कागदांसाठी मजकूर असा करा. नोटिशीत: ‘मतदान गुप्त पद्धतीने, मतपत्रिकेद्वारे होईल.’ रिपोर्टवर: ‘गोपनीय अहवाल’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘संबंधित कर्मचाऱ्यास प्रत दिली’ आणि सहीची जागा. बोर्डावर: ‘तक्रारदार महिलेचे नाव व तक्रारीतील मजकूर गोपनीय ठेवला जाईल. चौकशीसाठी तक्रारीची प्रत केवळ ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीस दिली जाईल.’ ह्या दुसऱ्या वाक्याला कुणी ट्रस्टी म्हणतील की ह्याने बायका घाबरतील, तरी ते काढू देऊ नका, तिला हे समितीसमोर बसल्यावर कळण्यापेक्षा बोर्डावर कळलेलं बरं.

आणि बोर्डाचा जो मसुदा तुम्ही पाठवलाय त्यात समितीची फक्त ट्रस्टमधलीच नावं दिसतायत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर समिती तुमचीच लागते, तिच्यात एक सदस्य बाहेरची, ह्या विषयात काम करणाऱ्या संस्थेतली किंवा ह्या प्रश्नांची जाण असलेली असावी लागते, अध्यक्ष महिला आणि निदान निम्म्या सदस्य महिला. तो बाहेरचा सदस्य ठरलाय का ते ट्रस्टींना विचारा आणि त्यांचं नाव टाकूनच बोर्ड पेंटरकडे द्या.